थंड पाण्यातील उकळी
(नभोवाणीवरील भाषण)



आज ज्या विषयावर आपणापुढे चार शब्द बोलावयाचे मी योजिले आहे, तो विषय आपणा सर्वांच्या घरी रोज दोन वेळा शेगडीवर चढत असतो. भाताकरिता आधण ठेविले म्हणजे प्रथम काही वेळ पाणी मुकाट असते. मग भांड्याच्या तळाशी मोहरीएवढे बुडबुडे चिकटलेले दिसतात. हे पहिले बुडबुडे बहुधा पाण्यात विरघळलेल्या हवेचे असतात. त्यानंतर पाणी गुणगुणू लागते. सूर चढत जातो, आणि पाठमोरी उभी असलेली गृहिणीही भांड्याकडे न पाहता ओळखते, की आधण येत चालले. मौज पुढेच आहे. पाण्यास खरीखुरी उकळी फुटली, की हा चढलेला सूर एकाएकी उतरतो आणि त्याच्या जागी मऊ खळखळ ऐकू येऊ लागते. म्हणजे उष्णता वाढली असता आवाज कमी झाला! असे का व्हावे?

या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात जगातील मोठमोठ्या प्रयोगशाळांची पाऊणशेहून अधिक वर्षे खर्ची पडली आहेत, आणि त्या उत्तरावर आगगाडीच्या इंजिनापासून तारापूरच्या अणुवीजकेंद्रापर्यंत अनेक यंत्रांचे क्षेमकुशल अवलंबून राहिले आहे, असे सांगितले तर आपणांस कदाचित अतिशयोक्ती वाटेल. ती अतिशयोक्ती नव्हे, एवढे पटवून देणे हाच आजच्या भाषणाचा हेतू आहे. मी भिसेगावचा एक निवृत्त शाळामास्तर. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा जड सूत्रांचा भार श्रोत्यांवर घालण्याचे सामर्थ्य मजपाशी नाही, आणि इच्छाही नाही.

पाणी गुणगुणत असताना त्यात उष्णतामापक धरून पाहिला, तर पारा अजून शंभर अंशांच्या पुष्कळ खाली असतो. परंतु तळाचा पत्रा विस्तवाला लागून असल्यामुळे त्याला चिकटलेला पाण्याचा पातळ थर शंभर अंशांच्याही वर गेलेला असतो. त्या थरात वाफेचा बुडबुडा जन्मतो, फुगतो, पत्र्यावरून सुटून वर निघतो, आणि दोन बोटे वर जातो न जातो तोच सभोवारच्या थंड पाण्यात सापडतो. त्याच्यातील वाफेचे क्षणार्धात पाणी होते, पोकळी आपल्यातच कोसळते, आणि चारी बाजूंचे पाणी त्या रिकाम्या जागेवर आदळते. हा आदळण्याचा बारीक टिचकीएवढा आवाज. असे हजारो बुडबुडे एकाच वेळी मरू लागले, की त्या टिचक्यांचा सूर होतो. सगळे पाणी शंभर अंशांवर आले म्हणजे बुडबुड्यांना मारणारे थंड पाणीच उरत नाही; ते सुखरूप वर येतात, पृष्ठभागावर फुटतात, आणि गाणे थांबते.

तात्पर्य, पाण्याचा मुख्य साठा थंड असतानाही तापलेल्या भिंतीपाशी उकळी फुटू शकते. हे पाणी भांड्यात स्थिर न राहता नळीतून वाहत असेल, तर त्या प्रकारास आपण ‘थंड प्रवाहातील उकळी’ असे नाव देऊ. ‘थंड’ याचा अर्थ येथे बर्फासारखे असा घ्यावयाचा नाही; त्या दाबाखाली पाणी ज्या अंशावर उकळते त्याच्या खालचे, इतकाच घ्यावयाचा.

आता या उकळीचे महत्त्व पाहू. एक ग्रॅम पाणी वीस अंशांपासून शंभर अंशांपर्यंत तापविण्यास ८० कॅलरी उष्णता पुरते. पण शंभर अंशांवरील त्याच पाण्याची शंभर अंशांचीच वाफ करण्यास आणखी सुमारे ५४० कॅलरी लागतात. पारा तसूभरही न हालता जवळजवळ सातपट उष्णता वाफेच्या पोटात लपते, म्हणून तिला अप्रकट उष्णता म्हणतात. तेव्हा बुडबुडा हा उष्णतेची कावड वाहणारा गडी समजावा. तो भिंतीपाशी कावड भरतो, थंड पाण्यात नेऊन रिती करतो आणि स्वतः नाहीसा होतो. त्याचे दुसरे काम याहूनही मोठे आहे. तो सुटताना आणि कोसळताना भिंतीजवळचे तापलेले पाणी ढवळून काढतो व त्या जागी ताजे थंड पाणी ओढून आणतो. नुसत्या वाहत्या पाण्याने भिंतीची जितकी उष्णता हरण होते, त्याच्या कितीतरी पट उष्णता या चिमुकल्या गड्यांच्या येरझाऱ्यांनी हरण होते.

आमचे भिसेगाव कर्जत स्थानकाला अगदी लागून आहे, आणि कर्जत म्हणजे बोरघाटाचा पायथा. १८६३ साली घाटातून आगगाडी सुरू झाली. सदतीस फुटांत एक फूट असा तो चढ. एकट्या इंजिनाच्याने गाडी वर जात नाही, म्हणून कर्जतला मागून इंजिने लावण्याची वहिवाट पडली. १९३० च्या सुमारास घाटात विजेची इंजिने आली, तोपर्यंत हे सारे काम वाफेच्या इंजिनांनी केले. जवळच नेरळहून माथेरानला जाणारी छोटी गाडी १९०७ साली सुरू झाली, तीही वाफेवर. अशा इंजिनाच्या अग्निपेटीत जाळ हजार अंशांच्याही वर असतो. इतक्या आचेत लोखंडी पत्रा तांबडालाल होऊन मऊ पडावा; परंतु तो पडत नाही, कारण त्याच्या पाठीमागे पाणी उकळत असते. हवेच्या दहा-बारा पट दाबाखाली ते पाणी सुमारे १८० ते १९० अंशांवर उकळते, आणि पत्र्याचे तापमान त्याच्या थोडेसेच वर राहते. जाळ व पत्रा यांच्यामध्ये पाण्याचे काहीच संरक्षण नाही; संरक्षण आहे ते पाठीमागून. उष्णता आली की लगेच उचलून नेणारे हात मागे सज्ज असतात.

ते हात एकदा थांबले म्हणजे काय होते, हे जुन्या ड्रायव्हर मंडळींना पक्के ठाऊक असे. अग्निपेटीच्या छपरावर नेहमी पाणी असावे लागते. घाटाचा चढ संपून इंजिन माथ्यावरून पुढे कलले, की बाष्पपात्रातील पाणी पुढच्या बाजूस धावते आणि मागचे छप्पर उघडे पडण्याचा धोका उत्पन्न होतो. म्हणून पाण्याच्या काचनळीवरची नजर ढळू द्यावयाची नसे. छपरात शिसे भरलेला एक डट्टा बसविलेला असे. पाणी उतरून पत्रा कोरडा पडला, तर ३२७ अंशांवर ते शिसे वितळावे, वाफेचा फवारा आगीवर यावा आणि मनुष्य सावध व्हावा, अशी ती योजना. पत्रा कोरडा पडणे म्हणजे अनर्थ, ही गोष्ट शास्त्रज्ञांनी कागदावर मांडण्याच्या कितीतरी आधी कारागिरांनी अशी धातूत ओतून ठेविली होती.

परंतु पत्रा कोरडा पडण्यास पाणी संपलेच पाहिजे असे नाही. पाणी काठोकाठ भरलेले असतानाही तापलेला धातू कोरडा राहू शकतो, आणि हाच या विषयातील खरा मर्मभेद आहे. तव्यावर पाण्याचे थेंब शिंपडून तवा तापला की नाही हे पाहण्याची रीत आपल्या घरोघर आहे. तवा बेताचा तापलेला असेल, तर थेंब चर्र करून नाहीसा होतो. तो त्याहून पुष्कळ जास्त तापलेला असेल, तर थेंबाची गोळी होऊन ती तव्यावर नाचत फिरते आणि बराच वेळ टिकते. अधिक तापलेल्या तव्यावर थेंब अधिक काळ जगतो, हे कोडे लायडेनफ्रॉस्ट नावाच्या एका जर्मन वैद्याने १७५६ साली लालभडक लोखंडी पळीत थेंब टाकून वर्णिले. थेंबाच्या खाली वाफेची गादी तयार होते. पाणी धातूला शिवतच नाही. आणि वाफ ही उष्णतेची फार वाईट वाहक असल्यामुळे उष्णतेचा मार्गच खुंटतो.

आमच्याकडील लोहार कोयत्याला पाणी देतो तेव्हा हाच खेळ उलट्या क्रमाने चालतो. लालबुंद पाते पाण्यात शिरताच प्रथम त्याच्याभोवती वाफेचे वेष्टन बसते आणि पाते हळूहळू निवते. मग ते वेष्टन फाटते, पाणी धातूला भिडते आणि एकदम मोठा चरचराट उठतो. पाते खरे निवते ते या क्षणी. म्हणून जाणता लोहार पाते पाण्यात नुसते बुडवून ठेवीत नाही, ते हालवीत राहतो. आणि डोणीतले पाणी कोमट झाले तर ते बदलतो. हालविण्याने आणि थंडपणाने वाफेचे वेष्टन लवकर फाटते. प्रवाह आणि थंडपणा! आजच्या आपल्या विषयाची दोन्ही अंगे लोहाराच्या त्या डोणीत आहेत.

ही गोष्ट मापात बसविण्याचा पहिला मोठा मान जपानच्या शिरो नुकियामा यांजकडे जातो. त्यांचा प्रयोग १९३४ साली प्रसिद्ध झाला. युक्ती अशी साधी, की ऐकून आश्चर्य वाटावे. उकळत्या पाण्यात एक बारीक तार ताणून तीतून वीज सोडावयाची. किती वीज खर्ची पडली यावरून किती उष्णता पाण्यात गेली ते समजते. आणि तापमानाबरोबर तारेचा विद्युत्‌रोध बदलतो, त्यामुळे तीच तार स्वतःचा उष्णतामापकही होते. वीज वाढवीत जावे तसतसे बुडबुडे वाढत, उष्णता झपाट्याने पाण्यात जाई, आणि तार पाण्याहून थोडीशीच अधिक तापलेली राही. पण एका ठराविक मर्यादेपलीकडे तिळभर वीज वाढविली, की बुडबुडे एकमेकांत मिसळून तारेभोवती वाफेची खोळ बसे. तारेचे तापमान एकदम शेकडो अंशांनी उडी घेई, आणि नायक्रोमची तार वितळून तुटे. प्लॅटिनमची तार अधिक आच सोशी, म्हणून तिच्या साहाय्याने त्यांना त्या उडीच्या पलीकडचा प्रदेशही मापता आला.

ही मर्यादा साध्या हवेच्या दाबाखाली, स्थिर उकळत्या पाण्यात, प्रत्येक चौरस सेंटिमीटरास सुमारे शंभर वॅटच्या आसपास पडते. तिला आपण ‘उकळीची लक्ष्मणरेषा’ म्हणू. रेषेच्या अलीकडे उकळीसारखा सेवक नाही. रेषेच्या पलीकडे तीच उकळी धातूचा घात करते. आणि सर्वांत भयंकर गोष्ट ही, की रेषा ओलांडीपर्यंत ती जवळ आल्याची खूण तापमानावरून बहुधा पटत नाही.

आता वाहत्या पाण्याकडे वळू. येथे प्रयोगाची मांडणी पुढीलप्रमाणे असते. एक धातूची सरळ नळी घ्यावयाची. पंपाने तीतून पाणी खेळवावयाचे. त्याचा वेग, दाब आणि आत शिरतानाचे तापमान ठरलेले ठेवावयाचे. नळीच्या धातूतूनच वीज नेऊन ती तापवावयाची. नळीच्या बाहेरच्या अंगास दोन धातूंच्या तारांची तपयुग्मे चिकटवून जागोजागचे तापमान वाचावयाचे, आणि त्यावरून हिशेबाने आतल्या अंगाचे तापमान काढावयाचे. काही प्रयोगांत नळीला जाड काचेची खिडकी ठेवितात व अतिवेगवान कॅमेऱ्याने बुडबुड्यांची चित्रे घेतात. कारण त्यांचे आयुष्य सेकंदाच्या काही सहस्रांशांचेच असते. प्रयोगापूर्वी पाण्यातील हवा काढून टाकावी लागते, नाहीतर हवेचे बुडबुडे वाफेचे म्हणून मोजले जातात. आणि प्रत्येक वेळी जमाखर्च जुळवावा लागतो: विजेने जितकी उष्णता दिली तितकी पाण्याने नेली का? हा ताळा जुळला नाही, तर त्या दिवसाची मापे बाद.

अशा प्रयोगांत जी चित्रमालिका दिसते ती अशी. प्रथम बुडबुड्यांचा पत्ता नसतो. उष्णता दुप्पट करावयाची तर भिंत व पाणी यांच्या तापमानांतील अंतरही दुप्पट करावे लागते. मग भिंतीवर एखादाच बुडबुडा दिसतो. तो कोठे जन्मतो? भिंतीवरील सूक्ष्म खाचेत. धातू हाताला कितीही गुळगुळीत लागो, त्यावर डोळ्यांना न दिसणारे खळगे असतात, आणि त्यांत अडकलेली वाफ किंवा हवा हेच बुडबुड्याचे बीज. कोणत्या तापमानाला कोणत्या आकाराचे खळगे जागे होतात, याचा नियम १९६४ साली अमेरिकेत बर्गल्स व रोसेनाव यांनी मांडला. (जाता जाता एक व्यवहाराची सूचना. अगदी गुळगुळीत पेल्यात मायक्रोवेव्ह भट्टीत तापविलेले पाणी कधी कधी शंभर अंशांच्या वर जाऊनही शांत दिसते, कारण बीजच नसते. आणि चमचा घालताच ते उसळून हात भाजतो. तेव्हा असे पाणी थोडा वेळ थांबूनच हाताळावे.)

यापुढे उष्णता वाढविली, की सारी भिंत बुडबुड्यांनी भरून जाते, आणि येथे एक विलक्षण गोष्ट घडते. १९४९ साली मॅकअॅडम्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेल्या प्रयोगांत असे दिसून आले, की पूर्ण उकळी भरल्यावर पाण्याचा वेग वाढविला किंवा ते अधिक थंड केले, तरी भिंतीचे तापमान जवळजवळ बदलत नाही. बुडबुडे राज्यकारभार आपल्या हाती घेतात. प्रवाह नावाचा उरतो. १९५१ साली जेन्स व लोट्स यांनी अशा मापांवरून जो नियम काढला, त्याचा इत्यर्थ असा: पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा भिंत जितके अंश वर असेल, ते अंश दुप्पट केले तर हरण होणारी उष्णता दुप्पट होत नाही, सोळापट होते! आणि दाब जितका अधिक, तितके अंश कमी पुरतात. हवेच्या सत्तर पट दाबाखाली प्रत्येक चौरस सेंटिमीटरातून शंभर वॅट काढून नेण्यास या नियमाप्रमाणे भिंत केवळ आठ अंशांनी वर असली म्हणजे भागते.

मग वेग व थंडपणा यांचा उपयोग काय? त्यांचा उपयोग लक्ष्मणरेषा दूर सारण्याकडे होतो. पाणी जितके थंड, तितके बुडबुडे लवकर मरतात. जितके वेगवान, तितके ते लवकर वाहून जातात. त्यामुळे त्यांना एकत्र होऊन खोळ विणण्यास सवड मिळत नाही. फ्रान्समध्ये अनेक राष्ट्रांनी मिळून उभारावयास घेतलेल्या ‘इटर’ या अणुमीलनयंत्रात भारतही भागीदार आहे. त्यातील काही भागांवर प्रत्येक चौरस सेंटिमीटरास दोन हजार वॅटपर्यंत उष्णतेचा मारा अपेक्षित आहे, म्हणजे स्थिर पाण्याच्या मर्यादेच्या जवळजवळ वीसपट! तेथे थंड पाणी नळ्यांतून पीळ देत वेगाने खेळविण्याचीच योजना आहे.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. पालघर जिल्ह्यातील तारापूर येथे १९६९ साली अणुवीजकेंद्र सुरू झाले. तेथील पहिल्या दोन अणुभट्ट्या पाणी उकळणाऱ्या जातीच्या आहेत. आरंभी प्रत्येकीची क्षमता २१० मेगावॉट ठरविलेली होती, ती पुढे १६० करण्यात आली. त्यांत पाणी हवेच्या सुमारे सत्तर पट दाबाखाली असते. दाबाचा उत्कलनबिंदूवर होणारा परिणाम आमच्या तालुक्यात सहज दिसतो. माथेरान समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर उंच. तेथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी सुमारे ९७ अंशांवरच उकळते आणि डाळ शिजण्यास वेळ लागतो. उलट प्रेशर कुकरमध्ये दाब दुप्पट होऊन पाणी १२० अंशांवर उकळते. सत्तर पट दाबाखाली हा बिंदू २८५ अंशांच्या घरात जातो. अणुभट्टीत खालून शिरणारे पाणी त्याहून किंचित थंड असते. इंधनाच्या उभ्या नळ्यांच्या तळच्या भागात आपली ‘थंड प्रवाहातील उकळी’ सुरू होते, आणि वर जाता जाता सारे पाणी उकळू लागते.

येथे त्या बुडबुड्यांवर दोन जबाबदाऱ्या असतात. एक, इंधनाची नळी निववीत राहणे. दुसरी अधिक सूक्ष्म आहे. अणू फुटताना बाहेर पडणाऱ्या न्यूट्रॉनांचा वेग पाणी कमी करते, आणि मंद झालेले न्यूट्रॉनच पुढचे अणू फोडण्यास उपयोगी पडतात. बुडबुडे वाढले की त्या जागी पाणी घटते, न्यूट्रॉन मंद होत नाहीत, आणि भट्टीचा जोर आपोआप उतरतो. भट्टी तापली की बुडबुडे वाढावेत, आणि बुडबुडे वाढले की भट्टीला लगाम बसावा, असा हा स्वयंचलित चाबूक आहे. म्हणून थंड प्रवाहात कोठे, किती आणि केव्हा बुडबुडे होतात, हे भट्टीची आखणी करणाऱ्यास अंदाजाने चालत नाही. मोजूनच ठरवावे लागते. याकरिता अणुइंधन न वापरता, विजेने तापविलेल्या तशाच नळ्यांचे समूह करून त्यांत त्याच दाबाचे पाणी खेळवितात. आपल्या ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातही उकळत्या पाण्याची अशी प्रयोगचक्रे चालविली गेली आहेत. प्रयोगशाळेत नळी जळाली तर एक नळी जाते. भट्टीत जळाली तर तिच्यातील किरणोत्सर्गी द्रव्य पाण्यात उतरते.

पाणी थांबले म्हणजे काय होते, हे ११ मार्च २०११ रोजी जपानमधील फुकुशिमा येथे जगाने पाहिले. तेथील भट्ट्याही पाणी उकळणाऱ्या जातीच्या. भूकंप होताच त्या नियमाप्रमाणे बंद झाल्या. परंतु बंद केलेल्या भट्टीतही प्रारंभी पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के उष्णता निर्माण होतच राहते आणि ती हळूहळू ओसरते. समुद्राच्या लाटेने पंपांची वीज गेली, पाणी आटले, नळ्या उघड्या पडल्या, आणि तीन भट्ट्यांतील इंधन वितळले. बोरघाटातील इंजिनाच्या अग्निपेटीचे छप्पर आणि फुकुशिमाच्या इंधननळ्या यांत काळाचे अंतर शतकाचे असले, तरी धडा एकच: धातूच्या पाठीशी पाणी हवे.

या शास्त्रात मुंबईशी निगडित असे एक नाव आवर्जून सांगितले पाहिजे. सतीश कांडलीकर यांनी १९७५ साली पवईच्या आय. आय. टी. मधून डॉक्टरेट मिळविली, काही काळ तेथेच अध्यापन केले, आणि १९८० पासून ते अमेरिकेतील रॉचेस्टर येथील तंत्रसंस्थेत काम करू लागले. निरनिराळ्या देशांतील प्रयोगकर्त्यांनी निरनिराळ्या नळ्यांत, निरनिराळ्या द्रवांवर घेतलेली मापे विखुरलेली होती. कांडलीकरांनी चोवीस प्रयोगमालिकांतील, दहा द्रवांची, पाच हजारांहून अधिक मापे एकत्र करून १९९० साली वाहत्या उकळीचे एक सर्वसाधारण सूत्र दिले. आणि १९९८ साली खास थंड प्रवाहातील उकळीचे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्याचा हिशेब मांडला. पुढे मिलिमीटरच्या पाचव्या भागाहूनही अरुंद अशा वाटांतील उकळीकडे ते वळले. संगणकाच्या नखाएवढ्या तुकड्यातून निघणारी उष्णता नुसत्या पंख्याच्या वाऱ्याने हटविणे जड जाऊ लागले आहे, म्हणून हा अभ्यास आज अगत्याचा झाला आहे.

आणि आता मला जी गोष्ट मुख्यत्वे सांगावयाची आहे ती सांगतो. पाच हजारांहून अधिक मापांवर उभारलेले ते सूत्र पाण्याच्या बाबतीत सरासरी किती चुकते? सुमारे सोळा टक्के. हा आकडा त्या सूत्राच्या कर्त्यानेच प्रांजळपणे दिलेला आहे, आणि या क्षेत्रात तो उत्तम गणला जातो. शाळेच्या पुस्तकातील नियम काटेकोर उत्तर देतात, असा आपला समज असतो. येथे तसे नाही. नळीच्या आतील खाचा, पाण्यातील हवेचा अंश, साचलेला क्षारांचा थर, अशा बारीकसारीक गोष्टी उत्तर हालवितात. ग्रहणाची वेळ वर्षानुवर्षे आधी सेकंदापर्यंत सांगणाऱ्या शास्त्राला आपल्या आधणातील बुडबुड्यांचा हिशेब अजून सोळा टक्क्यांनी चुकावा, यात शास्त्राची नामुष्की नाही; निसर्गाची श्रीमंती आहे.

परंतु अभियंत्याने यावरून काय करावे? त्याने अंतर राखावे. लक्ष्मणरेषा जेथे असेल असे सूत्र सांगते, तिच्या पुष्कळ अलीकडेच त्याने थांबावे. हे राखलेले अंतर फुकट गेलेले नसते. आपल्याला जेवढे ठाऊक नाही, त्याची ती किंमत असते. प्रयोग जितके अधिक व जितके प्रामाणिक, तितके ते अंतर विश्वासाने कमी करता येते, आणि तितकी अधिक वीज त्याच यंत्रातून सुखरूप मिळते. जो प्रयोग न करता अंतर कमी करतो, तो दुसऱ्यांच्या प्राणांवर जुगार खेळतो. ताळा न जुळलेले माप फेकून देणारा प्रयोगकर्ता, काचनळीवरून नजर न काढणारा ड्रायव्हर आणि डोणीतले पाणी वेळेवर बदलणारा लोहार, हे तिघे मला एकाच शाळेचे विद्यार्थी वाटतात.

पालकांना शेवटी एवढीच विनंती. घरातील मुलांना आधणाजवळ हाताच्या अंतरावर उभे करावे. भांड्यात उष्णतामापक धरण्याचे काम मात्र मोठ्यांनी करावे. सूर कोणत्या अंशावर सुरू झाला, कोठे चढला, कोठे उतरला, हे मुलांनी वहीत लिहावे. दुसऱ्या दिवशी त्याच पाण्याने, त्याच भांड्यात पुन्हा करावे, आणि दोन्ही दिवसांचे आकडे जुळत नाहीत असे दिसले, तर मुलांना रागे भरू नये. ‘का जुळले नाहीत?’ एवढेच विचारावे. या शास्त्रातील मोठमोठ्या प्रयोगांचा आरंभ ह्याच प्रश्नापासून झालेला आहे.